रिकामा रकाना

नानांनी मला पहिल्यांदा घरी बोलावलं ते साडेबाराला. मे महिना होता, पार्ल्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, तरी शेजारधर्म म्हणून मी बरोबर साडेबाराच्या ठोक्याला त्यांची बेल दाबली. दार वहिनींनी उघडलं. आत नाना आमरसाच्या वाटीवर वाकलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डाव्या मनगटाकडे, मग उजव्या मनगटाकडे, आणि म्हणाले, "तू साडेपाच तास लवकर आलास."

"ते झुलूत बोलतात," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे संध्याकाळी सहाला या. आणि आता आलाच आहात तर रस घ्या."

झुलू म्हणजे ग्रीनिचची वेळ. जगभरचे विमानवाले आपापल्या गावचा सूर्य बाजूला ठेवून या एकाच घड्याळावर चालतात, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. नोकरीत हे ठीकच. पण नाना पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले, गणवेश नॅप्थालीनच्या गोळ्यांसह कपाटात गेला, आणि डाव्या मनगटावरचं झुलू घड्याळ काही उतरलं नाही. घरातल्या पंचांगाशी त्याचं कधीच पटलं नाही. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान पहाटे साडेचारला, म्हणजे झुलूत आदल्या तारखेच्या रात्री अकराला. या हिशेबानं नानांनी जन्मात एकदाही चतुर्दशीला अंघोळ केलेली नाही, आणि वहिनींच्या मते याचे परिणाम त्यांना वर गेल्यावर दिसतील. "वर मी बराच वेळ काढलाय," असं नानांचं त्यावर ठरलेलं उत्तर.

संध्याकाळी सहाला कामाचं स्वरूप कळलं. जेवणाच्या टेबलावर नऊ लॉगबुकं मांडून ठेवली होती. पहिलं 1979 सालचं, कापडी बांधणीचं, कोपरे झिजलेलं. शेवटचं अजून नव्या चपलेसारखं करकरीत. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यामुळे मला ती वस्तू लगेच ओळखू आली. वैमानिकाचं लॉगबुक म्हणजे त्याचं पासबुक. फक्त त्यात पैसे काढायची सोय नाही, नुसते जमा होत जातात, आणि जमा होतात ते तास. तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा नोंदणी क्रमांक, कुठून, कुठे, सुटलं कधी, पोचलं कधी, कमांडर कोण, सहवैमानिक कोण, दिवसाचे तास, रात्रीचे तास, शिकताना इन्स्ट्रक्टरबरोबर काढलेले तास, ढगात नुसत्या काट्यांवर विसंबून काढलेले तास, किती वेळा उतरलं, आणि सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना: शेरा. सगळं शाईत. चुकलं तर खोडरबर नाही, पांढरा रंग नाही. एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. चुकलेलाही खाली वाचता आला पाहिजे. आमच्या लेजरचा कायदा अगदी हाच होता, त्यामुळे माझं आणि नानांचं तिथंच जुळलं.

तास हा या धंद्यातला जमीनजुमला. आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला दोनशे तास लागतात, मोठ्या विमानाच्या कमांडरकीच्या परवान्याला दीड हजार. गरजू पोरांना हे दोनशे पुरे करताना घरदार गहाण टाकावं लागतं. त्यामुळे या जमिनीतही आमच्या सातबाऱ्यासारख्या भानगडी होतात. न उडलेले तास वहीत उडतात. अशा तासांना वैमानिकांत एक जुना शब्द आहे, पार्कर पेनचे तास. अमेरिकेत त्याला 'पी-फिफ्टीवन' म्हणत. पी-51 हे दुसऱ्या महायुद्धातलं गाजलेलं मस्टँग लढाऊ विमान, आणि पार्कर 51 हे त्याच काळातलं गाजलेलं फाउंटन पेन. कुणी छाती पुढे काढून "माझे पी-फिफ्टीवनवर शंभर तास आहेत" म्हणालं की बाकीचे गालात हसायचे. नानांकडेही पार्कर पेन होतं, पण ते लग्नात मिळालेलं, आणि केवळ या बदनामीपायी त्यांनी लॉगबुकाला ते कधी लावलं नाही. आयुष्यभर साध्या हीरो पेननं लिहिलं.

आता हे सगळं त्यांना संगणकात हवं होतं. लॉगबुकाची तयार सॉफ्टवेअरं मिळतात, त्यातलं एक त्यांच्या अमेरिकेतल्या मुलीनं वर्षाची वर्गणी भरून पाठवलं होतं. बारा हजारांवर ओळी होत्या. मी मनात हिशेब केला. शेवटच्या काही वर्षांचा तक्ता कंपनीकडून फाइलमध्ये आलेला, तो एका फटक्यात चढेल. उरलेल्यातल्या रोज शंभर ओळी मारल्या तर पावसाळा सरायच्या आत काम फत्ते.

"मारायच्या कशाला?" नाना म्हणाले. "आपोआप भरतील."

हा 'आपोआप' शब्द त्या घरात नंतर नामासारखा वापरला जाऊ लागला. "नानांचं आपोआप चाललंय, जरा हळू बोला," असं वहिनी मोलकरणीला सांगत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गच्चीतल्या टाकीची मोटर रोज एक बटण दाबून चालू करायची, तर तेवढ्यासाठी हे लोक तीन रविवार खर्चून टायमर बसवतात. आणि टायमर बसला की टाकी खरंच भरली का, उतू तर जात नाही ना, हे बघायला रोज गच्चीवर जातात. आमच्या सोसायटीत नानांनी नेमकं हेच केलं होतं. पूर्वी वॉचमन एकदा बटण दाबायचा. आता वॉचमन बटण दाबत नाही, पण त्याला नानांबरोबर पाच जिने चढावे लागतात.

पहिले तीन आठवडे आम्ही एकही उड्डाण नोंदवलं नाही. नुसते नियम बसवले. त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रकान्याला विचारता येतं की बाबा, तू स्वतःहून काय भरू शकशील? नानांनी एकाही रकान्याला सोडलं नाही. सुटण्याची आणि पोचण्याची वेळ टाकली की एकूण वेळ आपली आपण निघावी. नोंदणी क्रमांक टाकला की विमानाचा प्रकार यावा. भारतीय विमानांचा क्रमांक व्हीटीनं सुरू होतो, तेव्हा ती दोन अक्षरं आधीच बसलेली असावीत. (नानांच्या नातवाला हा व्हीटी म्हणजे बोरीबंदर वाटायचं आणि आजोबा लोकल चालवायचे अशी त्याची समजूत होती. ही समजूत पुढे जवळजवळ खरी ठरली, ते येईलच.) शेवटचं लँडिंग जिथे झालं असेल ते पुढच्या उड्डाणाचं 'कुठून' व्हावं. सहवैमानिकाचा रकाना रिकामा असेल तर कमांडर नाना स्वतः. परवान्याच्या तारखेआधीचं उड्डाण असेल तर कमांडर त्यांचे इन्स्ट्रक्टर, आणि वेळ शिकाऊ रकान्यात. पण शेऱ्यात 'सोलो' शब्द असेल तर इन्स्ट्रक्टरला वगळावं आणि कमांडरच्या जागी पुन्हा नाना. हा नियम चौदावा. तो लक्षात ठेवा.

वेळ म्हणजे काय, यावरच एक आख्खा आठवडा गेला. विमानाला चार वेळा असतात हे मला तेव्हा कळलं. जागेवरून हललं ती, चाकं जमिनीवरून सुटली ती, चाकं पुन्हा टेकली ती, आणि येऊन थांबलं ती. लॉगबुकात पहिली आणि शेवटची घेतात, कारण धावपट्टीकडे रांगेत तिष्ठत काढलेला वेळही वैमानिकाच्या आयुष्यातूनच जातो. नव्या विमानांत या चारही वेळा विमान स्वतःच कंपनीला कळवतं. पुष्पक हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं फ्लाइंग क्लबांसाठी बनवलेलं दोन आसनी कापडी विमान, ज्यावर नाना जुहूला शिकले. ते कुणाला काही कळवत नसे. ते सुरूसुद्धा पुढचा पंखा हातानं फिरवून करावं लागे.

मग रात्र. रात्र कधी होते हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता. सॉफ्टवेअरनं त्याला चार पर्याय दिले. अमेरिकेच्या नियमांत रात्रीचे तास मोजायचे तर सूर्य क्षितिजाखाली सहा अंश गेल्यावर, म्हणजे नागरी संधिप्रकाश संपल्यावर रात्र होते. पण प्रवासी घेऊन रात्री उतरायचा सराव आहे की नाही हे ठरवताना मात्र सूर्यास्तानंतर एक तास थांबावं लागतं. म्हणजे एकाच संध्याकाळी एकाच वैमानिकाला उडताना रात्र झालेली असते आणि उतरताना झालेली नसते. नाना यावर दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी वहिनी देवाजवळ निरांजन लावताना म्हणाल्या, "आमच्याकडे दिवेलागणीला होते." नानांनी ते वहीत टिपून घेतलं.

नियम बसले. आता परीक्षा. निवृत्त माणसाला विमान कोण देणार? पण त्या सॉफ्टवेअरचा फोनवरचा भाऊ उपग्रहावरून वेग मोजतो आणि ठरावीक वेग ओलांडला की टेकऑफ झाला असं समजतो. नेहमीच्या छोट्या विमानांना तो वेग साधारण सत्तर नॉट ठेवतात. पुष्पक बिचारं सत्तर नॉटला वरच गेलेलं असायचं, म्हणून नानांनी तो चाळीसवर आणला. चाळीस नॉट म्हणजे ताशी चौऱ्याहत्तर किलोमीटर. आणि डिसेंबरमध्ये पुण्याला एका लग्नाला जायचं होतं.

वहिनी मोटारनं मुलाबरोबर गेल्या. नानांनी दख्खनची राणी घेतली, खिडकीत फोन उभा केला आणि ऑम्लेट मागवलं. गाडी पाच दहाला सुटली. दादर सोडून वेग आला आणि फोननं टेकऑफ नोंदवला. कर्जतला घाटाची इंजिनं जोडायला गाडी थांबली, ते लँडिंग. घाटात वेग कमी, म्हणून तिथं नाना जमिनीवरच. लोणावळ्यानंतर पुन्हा टेकऑफ, आणि एव्हाना कुठल्याही व्याख्येनं रात्र झालेली. पुण्याला रात्रीचं लँडिंग. जवळचा विमानतळ फोनच शोधतो, त्यामुळे ओळ तयार झाली ती मुंबई ते पुणे अशी, चार अक्षरी संकेतांसह, दिसायला एकदम इभ्रतदार. सहवैमानिकाचा रकाना रिकामा होता. त्यामुळे दख्खनच्या राणीचे कमांडर नाना. शेऱ्यात त्यांनी प्रवासाची नोंद म्हणून स्वतः लिहिलं, "एकटाच. ही मोटारनं गेली."

मी म्हटलं, "ही ओळ काढून टाकू."

नानांचा चेहरा असा झाला की जणू मी तिजोरीतली नोट खिशात घालू म्हटलं. लॉगबुकातली ओळ काढत नसतात. मग आम्ही पंधरावा नियम बसवला: विमानाचा प्रकार कोरा असेल तर कमांडरचे तास शून्य, आणि ओळ बेरजेबाहेर. दख्खनची राणी वहीत राहिली, पण बिनअधिकारानं.

जवळचा विमानतळ शोधण्याची खोडही पार्ल्यात फार त्रास देते. नाना गॅलरीत उभे राहिले तर फोन म्हणतो सांताक्रूझ, आणि नाक्यावर भाजी आणायला गेले तर म्हणतो जुहू. मी हसलो तेव्हा नाना गंभीर झाले. म्हणाले, हसू नकोस, यात भले भले फसलेत. आणि ते खरं आहे. 1953 च्या जुलैमध्ये एक ब्रिटिश कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं, आणि त्याला तिथून बाहेर काढायला आठवड्याहून जास्त दिवस लागले. 1972 मध्ये एक जपानी डीसी-8 तसंच उतरलं आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या, मध्ये सगळं मिळून दोन-तीन किलोमीटर. "माणसं चुकली तिथं फोनचं काय," नाना म्हणाले, आणि भाजीची पिशवी जुहूवरून सांताक्रूझला दुरुस्त केली.

जून उजाडला तेव्हा, म्हणजे वर्षभरानं, आम्ही खऱ्या ओळी भरायला बसलो. मी वाचून टाईप करायचो, नाना शेजारी बसून आपोआप भरलेला प्रत्येक रकाना कागदाशी ताडून बघायचे. बरोबर निघाला की पेन्सिलीनं एक बारीक टिंब. एका संध्याकाळी मी न राहवून विचारलं, की प्रत्येक रकाना तुम्ही हातानं तपासताच, तर हातानंच का भरत नाही?

"हातानं चूक होते," नाना म्हणाले.

"मग यंत्राचं भरलेलं तपासता कशाला?"

"यंत्राचीही होते."

आणि नंतर जरा वेळानं, समजावणीच्या सुरात, "अरे, पुढे दोन माणसं बसतात ती काय एक झोपला तर दुसरा असावा म्हणून? एकानं करायचं, दुसऱ्यानं बघायचं. एकानं मोठ्यानं म्हणायचं, दुसऱ्यानं उलट म्हणायचं. मी पस्तीस वर्षं ऑटोपायलट लावून एक क्षण त्याच्यावरची नजर काढली नाही. ते यंत्र वाईट म्हणून नाही. तो माझा शेजारी, आणि शेजाऱ्यावर नजर ठेवायचा पगार मिळायचा." मी त्यांचा शेजारी. दुसऱ्या दिवसापासून मी टाईप केलेला आकडा मोठ्यानं म्हणू लागलो.

'शेवटचं लँडिंग ते पुढचं कुठून' हा नियम दिसायला देखणा, पण विमानवाले कधी कधी स्वतःच दुसऱ्याच्या विमानात प्रवासी होऊन जातात, पुढचं विमान उचलायला. त्याला ते डेडहेड म्हणतात. त्याची नोंद लॉगबुकात नसते. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या मते नाना कलकत्त्याला उतरले आणि दुसऱ्या दिवशी मद्रासहून उडाले, मधलं अंतर बहुधा योगसाधनेनं. अशा चारशेच्या वर फटी निघाल्या. कागदात त्याचं उत्तर नव्हतं. उत्तर स्वयंपाकघरात होतं.

"एकोणीसशे सत्त्याऐंशी, ऑगस्ट अखेर," नाना ओरडून विचारायचे. "मी कलकत्त्याहून मद्रासला कसा गेलो?"

"गणपतीत," आतून उत्तर यायचं. "दीड दिवसाचा होता. विसर्जनाला तुम्ही नव्हतात. भावोजींनी नेला. मद्रासहून फोन केलात आणि म्हणालात प्रवासी म्हणून आलो, मधल्या सीटवर."

वहिनींचं लॉगबुक असं होतं. त्यात नोंदणी क्रमांक नव्हते. मुलीच्या कांजण्या, गॅस संपलेला दिवस, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि प्रत्येकापुढे एकच शेरा: हे नव्हते. दोन महिन्यांत चारशेच्या चारशे फटी बुजल्या. नानांनी तो आधार कुठल्या रकान्यात दाखवावा यावर विचार केला, आणि 'अन्य स्रोत' असा एक नवा रकाना उघडला. वहिनींनी तो बघितला. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

अखेर बेरीज आली. कागदावरची आणि संगणकावरची एकूण वेळ जुळवली तर एकाहत्तर तासांचा फरक! नाना पांढरेफटक पडले. एकाहत्तर तास कुणाचे? पार्कर पेनचे? मला यात मात्र बँक कामी आली. सॉफ्टवेअर आतल्या आत तास दशांशात ठेवत होतं, अमेरिकन पद्धतीनं, सहा मिनिटांचा एक दशांश. एक तास वीस मिनिटांचं उड्डाण एक पूर्णांक तीन होतं, दोन मिनिटं गळतात. असं कधी दोन मिनिटं गळतात, कधी दोन वाढतात, आणि बारा हजार ओळींत गळती जिंकते. एक खूण बदलून तासाला मिनिटांवर आणलं आणि फरक नाहीसा झाला. एकूण जुळली. दिवसाचे जुळले, रात्रीचे जुळले, लँडिंगं जुळली.

कमांडरचे तास जुळले नाहीत. दहा मिनिटं कमी.

तुम्हाला वाटेल, एवढ्या हजारो तासांत दहा मिनिटं. ज्यांना असं वाटतं त्यांनी बँकेत नोकरी केलेली नाही. दहा पैशांच्या फरकासाठी आम्ही मार्च अखेरीला रात्री दोनपर्यंत बसलो आहोत, आणि खिशातून दहा पैसे टाकून घरी जाऊ म्हणणाऱ्या नव्या पोराला हेड कॅशिअरनं असं काही बघितलं आहे की त्यानं पुढे बदली मागून घेतली. नानांची झोप उडाली. रात्री, म्हणजे त्यांच्या घड्याळात भर संध्याकाळी, ते 737 ची वर्षं काढून बसायचे, कारण कमांडरकीचा बहुतेक काळ तिथला आणि पुढे ए-320 वरचा. एकेक पान. पेन्सिलीचं दुसरं टिंब. वहिनींनी वैद्यांना विचारून ब्राह्मी तेल आणलं.

तीन आठवड्यांनी मला माझ्या पहिल्या मॅनेजरची शिकवण आठवली. फरक सापडत नसेल तर तो कुठे दडलाय हे नंतर बघा, आधी तो किती आहे ते बघा. नऊनं भाग गेला तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. निम्मा करून सापडला तर जमेचं नावे पडलंय. आणि काहीच जमलं नाही तर तेवढ्याच रकमेची नोंद शोधा. मी म्हटलं, "नाना, दहा मिनिटांचं उड्डाण काढू या."

बारा हजार ओळींत दहा मिनिटांची ओळ एकच होती. फेब्रुवारी 1979. पुष्पक. जुहू ते जुहू. कमांडर: इन्स्ट्रक्टरचं नाव. शेरा, मीच नानांच्या सांगण्यावरून अक्षरशः उतरवलेला: "एकटा."

नाना खुर्चीत मागे टेकले. पहिलं लॉगबुक उघडलं. तिथं, त्या अरुंद रकान्यात, इंग्रजी ओळींच्या मध्ये, तो एक देवनागरी शब्द बसला होता. एकवीस वर्षांच्या पोराच्या अक्षरात, शाई जरा पसरलेली. इन्स्ट्रक्टर पारशी होते, कडक, त्यांनी एक फेरी बरोबर मारली आणि धावपट्टीच्या कडेला विमान थांबवून स्वतः खाली उतरले. दार लावताना फक्त म्हणाले, आता माझं वजन नाही, तेव्हा लवकर उचलेल. आणि खरंच ते इतकं लवकर उचललं की नानांना वाटलं काहीतरी तुटलं. समोर सरळ समुद्र. शेजारची सीट रिकामी, तिचा पट्टा नीट बांधून ठेवलेला. उतरल्यावर वहीत नाना 'सोलो' लिहायचं विसरले आणि हा शब्द लिहून बसले. इन्स्ट्रक्टरनं सही करताना विचारलं, "आ सूं लख्युं छे, डीकरा?" मग अर्थ ऐकून सही केली.

चौदाव्या नियमाला हा शब्द ठाऊक नव्हता. त्यानं 'सोलो' शोधला, मिळाला नाही, आणि इन्स्ट्रक्टरला परत सीटवर बसवलं.

मी कमांडरच्या रकान्यात नानांचं नाव टाकून जतन केलं. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि इन्स्ट्रक्टरचं नाव परत आणलं. पुन्हा टाकलं, पुन्हा आलं. तिसऱ्यांदा नाना स्वतः टाईप करायला बसले. तिसऱ्यांदाही बावाजी हजर.

"तेव्हा मी म्हणत होतो उतरू नका," नाना म्हणाले, "तर उतरले. आता उतरत नाहीत."

मी म्हटलं, शेऱ्यात 'सोलो' करून टाकू, एका शब्दाचं काम. हे बोलायला नको होतं. शाईतला शेरा बदलायचा नाही. मग एकच मार्ग उरला, नियमालाच मराठी शिकवायची. सोळावा नियम: शेऱ्यात 'एकटा' ही अक्षरं आढळली तर कमांडर नाना, बाकीचे सगळे नियम रद्द. मी मोठ्यानं वाचलं, नानांनी मोठ्यानं उलट वाचलं. वहिनी हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं. पडद्यावरचं चक्र फिरलं, बारा हजार ओळी वरून खाली गेल्या, आणि फेब्रुवारी 1979 मधून इन्स्ट्रक्टर उतरले.

नानांनी बेरीज बघितली. मग पेन्सिल खाली ठेवली.

कमांडरचे तास आता दहा मिनिटं कमी नव्हते. ते एक तास एकोणीस मिनिटं जास्त होते, त्यातला बराच भाग रात्रीचा.

मी तेवढ्या वेळेची ओळ शोधायला लागलो, पण वहिनींना शोधावं लागलं नाही. त्यांनी नानांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एकटाच. तरी म्हणत होते, मीही गाडीनंच येते."